सीहॉर्स बेटाचे रिकामे सारंगागार

२०१५ सालच्या वसंतात फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका बेटावर घरट्यांत बसलेले हजारो पाणपक्षी ऐन विणीच्या हंगामात उठून निघून गेले. झाडांवर रिकामी घरटी राहिली आणि खालच्या चिखलात फुटलेली अंडी विखुरलेली आढळली. या बेटावर पांढरे शराटी, मोठे व लहान बगळे, निळे आणि तिरंगी बगळे, गुलाबी चमचे, तपकिरी पेलिकन आणि पाणकावळे अशी मिश्र वसाहत होती. फ्लोरिडाच्या मेक्सिको आखाताकडील किनाऱ्यावरची ती सर्वांत मोठी वसाहत मानली जात असे. एखाद्या जातीचे पक्षी एखाद्या वर्षी अपयशी ठरणे नवे नाही. परंतु इतक्या जातींनी एकाच सुमारास, अंडी घातल्यानंतर जागा सोडावी, ही गोष्ट अभ्यासकांनाही चक्रावून टाकणारी होती.

बगळे, शराटी, करकोचे आणि त्यांचे सोबती जेथे एकत्र घरटी करतात त्या वसाहतीला मराठीत सारंगागार असा नेमका शब्द आहे, आणि तोच येथे वापरला आहे. हे सारंगागार का मोडले, या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी ते तेथे वसले कशामुळे, हे पाहावे लागते. पक्षी जागा निवडतात तेव्हा त्या निवडीमागील कारणे एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की कोणते कारण किती भार वाहते हे कळत नाही. निवड मोडली की निदान काही कारणे एकेक करून तपासता येतात. सीहॉर्सच्या प्रकरणाचे महत्त्व त्यात आहे.

बेट आणि त्याची राखण

फ्लोरिडाच्या लेव्ही काउंटीत सीडर की हे किनाऱ्यावरचे लहानसे गाव आहे. एकेकाळी तेथील सीडरच्या लाकडापासून पेन्सिली होत असत. आज गाव मासे आणि शिंपल्यांवर जगते. गावाच्या नैर्ऋत्येस सुमारे पाच किलोमीटरवर सीहॉर्स की आहे. ‘की’ म्हणजे त्या भागातील बोलीत छोटे, सखल बेट. मराठी वाक्यात हा शब्द अव्ययासारखा अडखळवतो, म्हणून पुढे त्याला सीहॉर्स बेट असेच म्हटले आहे. सुमारे १६५ एकरांचे हे बेट मुळात एका जुन्या वाळूच्या टेकडीचा उरलेला भाग असून त्याचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण १६ मीटर उंच आहे. त्या सपाट किनाऱ्यावर ही उंची लक्षणीय ठरते. माथ्यावर १८५४ मध्ये बांधलेले दीपगृह आहे, आणि त्याच इमारतीत विसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्लोरिडा विद्यापीठाचे सागरी संशोधन केंद्र चालते. उतारांवर ओक व ताडवर्गीय झाडांचे रान आणि कडेला खारफुटी, अशी बेटाची रचना आहे. गोड्या पाण्याचा कायमचा साठा बेटावर नाही.

बेटाच्या राखणीची कथा पक्ष्यांच्या पिसांपासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका व युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांची पिसे लावण्याची लाट आली होती. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने न्यू यॉर्कच्या रस्त्यांवरून फिरून ७०० टोप्या मोजल्या. त्यांतील ५४२ टोप्यांवर पक्ष्यांची पिसे किंवा अख्खे पक्षी होते. बगळ्यांच्या अंगावर ती तलम, लांब पिसे येतात विणीच्या हंगामातच, आणि त्याच हंगामात पक्षी सारंगागारात एकवटलेले असतात. त्यामुळे शिकाऱ्याला रानभर फिरावे लागत नसे. एक वसाहत सापडली की दोन-तीन दिवसांत ती संपवता येई आणि घरट्यांतील पिल्ले उपाशी मरत. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला या शिकाऱ्यांना अडवणारा गाय ब्रॅडली नावाचा राखणदार १९०५ मध्ये गोळीला बळी पडला. पुढे कायदे झाले, फॅशन बदलली आणि १९२९ मध्ये सीडर कीजवळील काही बेटांचे अभयारण्य झाले. सीहॉर्स बेटही पुढे त्यात आले. आज दरवर्षी १ मार्च ते ३० जून या काळात सीहॉर्स बेट आणि त्याभोवतीचा ३०० फुटांचा पाण्याचा पट्टा लोकांसाठी पूर्ण बंद असतो.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे, की सारंगागाराची जागा ज्या शत्रूचा हिशेब करून निवडली जाते तो शत्रू चार पायांचा आहे. पाणी त्याला अडवते. होडीत बसून बंदूक घेऊन येणाऱ्याला ते अडवत नाही, आणि हजारो वर्षांच्या सवयीने सुरक्षित वाटणारी जागा त्याच्यापुढे उघडी पडते.

पाण्याच्या पलीकडचा शत्रू

उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातील सारंगागारांचा मुख्य स्थलचर शत्रू म्हणजे रॅकून. मांजरापेक्षा मोठा, हाताच्या बोटांसारखे पंजे असलेला आणि झाडावर सहज चढणारा हा निशाचर प्राणी एकदा वसाहतीत शिरला की एका घरट्यावर थांबत नाही. बगळ्याची चोच भाल्यासारखी असली तरी रात्रीच्या अंधारात फांदीवर आलेल्या रॅकूनशी झुंजण्याचा प्रघात या पक्ष्यांत नाही. ते उडून जातात. कुररी पक्ष्यांप्रमाणे सर्वांनी मिळून शत्रूवर तुटून पडणेही त्यांना साधत नाही. ज्यांना घरट्याचे रक्षण करता येत नाही त्यांच्यापुढे एकच मार्ग उरतो: शत्रू पोहोचणार नाही अशा जागी घरटे बांधणे. म्हणून ही घरटी पाण्याने वेढलेल्या बेटांवर, पुराच्या पाण्यात उभ्या झाडांवर किंवा दलदलीतील झुडपांच्या पुंजक्यांवर असतात. दक्षिण फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पाणी आटून झाडांखालची जमीन उघडी पडली की पूर्ण वाढीला आलेली वसाहतसुद्धा सोडून दिली जाते.

तथापि रॅकून पोहू शकतो. मग काही मीटर रुंदीच्या पाण्याने तो का अडावा? एव्हरग्लेड्समध्ये या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या रुंदीत नव्हे, पाण्यातील रहिवाशात सापडले. तेथील बहुतेक सारंगागारांखाली अमेरिकी मगर, म्हणजे अ‍ॅलिगेटर, पडून असतो. घरट्यातून पडलेले पिल्लू, निसटलेला मासा, भावंडांनी ढकलून दिलेले कमकुवत पोर, हे सारे त्याच्या वाट्याला येते. आणि तो आहे म्हणून रॅकून पाण्यात उतरताना कचरतो. हे सहजीवन डोळ्यांना दिसत होते, पण त्यातून एक अडचण उभी राहत असे. पक्षी मगरीजवळ येऊन राहतात, की मगर पक्ष्यांखाली येऊन बसते? दोन्ही गोष्टी नैसर्गिक निरीक्षणात सारख्याच दिसतात.

फ्लोरिडा विद्यापीठातील पीटर फ्रेडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गाठ दोन बाजूंनी सोडवली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी दाखवले की पक्ष्यांच्या वसाहतींजवळ राहणाऱ्या मादी अ‍ॅलिगेटरांची शरीरस्थिती वसाहत नसलेल्या तशाच जागी राहणाऱ्या माद्यांहून चांगली असते. म्हणजे मगरीचा फायदा सिद्ध झाला. दुसरा प्रयोग अधिक कल्पक होता: त्यांनी हुबेहूब दिसणाऱ्या नकली मगरी ठेवून पक्ष्यांची प्रतिक्रिया तपासली. नकली मगर अन्न शोधत पक्ष्यांखाली येऊ शकत नाही, त्यामुळे तिच्या आसपास बगळ्यांचा ओढा वाढलेला दिसला तर निवड पक्ष्यांनीच केली असे म्हणता येते. आणि ओढा वाढलेला दिसला. ज्या जनावराचा जबडा स्वतःचे पिल्लूही गिळणार आहे, त्याच्या डोक्यावर घर बांधण्याचा हा व्यवहार ऐकायला क्रूर वाटतो, पण हिशेब सरळ आहे. पडलेले एखादे पिल्लू मगरीला जाते, आणि ते पिल्लू बहुधा जगणारही नव्हते. रॅकून आला तर सारेच जाते.

सीहॉर्स बेट खाऱ्या पाण्यात आहे आणि अ‍ॅलिगेटर मुख्यतः गोड्या पाण्यातला, त्यामुळे हा पहारेकरी येथे लागू पडत नाही. येथे झाडांखाली दुसरे जनावर आहे: कॉटनमाउथ हा जाड अंगाचा विषारी साप, ज्याच्या उघड्या जबड्यातील कापसासारख्या पांढऱ्या रंगामुळे त्याला हे नाव पडले. मुख्य भूमीवर तो नद्या-तळ्यांच्या काठी राहतो व बेडूक, मासे पकडतो. गोड्या पाण्याचा कायमचा साठा नसलेल्या या बेटावर मात्र तो दाट संख्येने राहत आला, कारण त्याला अन्न वरून मिळते. पक्ष्यांच्या चोचीतून किंवा पिल्लांच्या गळ्यातून निसटलेले मासे जमिनीवर पडतात आणि साप ते मेलेलेच खातात. घरट्यांच्या झाडांखाली त्यांची गर्दी असते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यापासून नोंदली गेली आहे; फ्लोरिडा विद्यापीठाचे हार्वी लिलीव्हाइट यांनी पुढे तिचा दीर्घकाळ अभ्यास केला. हे साप उंदीरही खातात, आणि उंदीर अंड्यांवर टपलेले असतात, त्यामुळे सापांचा पक्ष्यांना काही उपयोग होत असावा असा तर्क मांडला गेला आहे. मात्र अ‍ॅलिगेटरच्या बाबतीत प्रयोगाने जे दाखवले तसे सापांच्या बाबतीत दाखवलेले नाही. झाडांखाली साप आहेत म्हणून पक्षी आले असे म्हणण्यापेक्षा पक्षी आले म्हणून साप तेथे टिकले असे म्हणणे, माझ्या मते, पुराव्याला अधिक धरून आहे. पुढे जे घडले त्यानेही याच बाजूला वजन दिले.

शत्रूपासून आडोसा देणारी गोष्ट नेहमी पाणी किंवा मगरच असते असेही नाही. कर्नाटकातील कोक्करेबेळ्ळूर गावात चित्रबलाक आणि पेलिकन घरांच्या अंगणातील झाडांवर घरटी करतात. तेथे माणसांचा वावरच कित्येक शत्रूंना लांब ठेवतो. आपल्याकडे जुन्या चिंचेवर वा वडावर, खाली वाहने उभी असताना, बगळ्यांची वसाहत दिसते तिच्यामागेही बहुधा हाच हिशेब असतो, मग खालच्या रहिवाशांना शिंतोड्यांचा कितीही वैताग येवो.

अन्न किती दूर

जागा शत्रूपासून कितीही सुरक्षित असली तरी तेथून उडून जाऊन पोट भरण्याइतके आणि पिल्लांसाठी परत आणण्याइतके अन्न आवाक्यात हवे. पिल्ले असताना आईबाप दिवसातून कित्येक फेऱ्या करतात, आणि प्रत्येक फेरीला घरट्याकडे परतावेच लागते. त्यामुळे बेटाभोवती एक अदृश्य वर्तुळ असते, आणि प्रत्येक जातीचे वर्तुळ वेगळे. लहान बगळे जवळच्या उथळ खाडीत भागवतात; शराटी अधिक दूर जातात; उन्हाने तापलेल्या हवेच्या चढत्या झोतांवर पंख पसरून तरंगणारा वुड स्टॉर्क हा करकोचा तर पन्नास किलोमीटरहून दूरही जाऊ शकतो.

पांढऱ्या शराट्याच्या बाबतीत या वर्तुळाला एक विचित्र अट जोडलेली आहे. प्रौढ शराटी खाऱ्या दलदलीतील खेकडे खाऊन राहू शकतो, परंतु त्याच्या लहान पिल्लांना मिठाचा भार पेलत नाही. नुसत्या खाऱ्या अन्नावर वाढवलेली पिल्ले खंगतात. म्हणून समुद्रातील बेटावर राहणारे आईबाप स्वतः जवळ चरले तरी पिल्लांसाठी आत जमिनीकडे, गोड्या पाण्यातील झिंग्यासारख्या क्रेफिशकडे उडत जातात. दक्षिण कॅरोलिनातील पम्पकिनसीड बेटावर हे स्पष्टपणे अभ्यासले गेले. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळ आले, समुद्राचे पाणी आत शिरून गोड्या दलदली खारावल्या आणि क्रेफिश घटले. पुढच्या वसंतात बेट जागेवरच होते, झुडपेही होती, परंतु शराट्यांची संख्या कोसळली. बेटाला काही झाले नव्हते. कित्येक किलोमीटर दूरच्या तळ्यांना झाले होते.

हे उदाहरण सीहॉर्सशी ताडून पाहिले पाहिजे, कारण त्यातील फरक बोलका आहे. पम्पकिनसीडला बहुतेक शराटी आलेच नाहीत, म्हणजे त्यांनी हंगामाच्या आरंभी आजूबाजूचे अन्न जोखले आणि घरटी बांधलीच नाहीत. सीहॉर्सला ते आले, बांधले, अंडी घातली आणि मग उठले. आरंभी जोखलेली परिस्थिती त्यांना पटली होती. जे बिघडले ते नंतर बिघडले.

सोबत्यांची साक्ष

आता सर्वांत अवघड भाग. दोन बेटे शत्रूपासून सारखीच सुरक्षित आणि अन्नापासून सारखीच जवळ असतील, तर सगळे एकाच बेटावर का जातात? याचे उत्तर पक्षी एकमेकांकडे पाहतात यात आहे. हंगामाच्या सुरुवातीला नवीन आलेल्या पक्ष्याला प्रत्येक बेटाची पाहणी करणे परवडत नाही. पण एखाद्या झाडावर बसलेले, काड्या गोळा करणारे इतर पक्षी ही त्या जागेची सर्वांत स्वस्त साक्ष असते. मागच्या वर्षी ज्या जागी पिल्ले उडाली ती जागा अनुभवी पक्ष्यांना आठवते आणि तरुण पक्षी त्यांच्या मागे येतात. १९७३ मध्ये पीटर वॉर्ड आणि अमोत्झ झहावी यांनी याहून पुढचा विचार मांडला होता: पक्ष्यांचे एकत्र राहणे हे अन्नाची बातमी मिळण्याचे ठिकाण आहे, ज्याला सकाळी काही सापडले नाही तो भरल्या पोटी परतलेल्याच्या मागे दुसऱ्या फेरीत जातो. या कल्पनेवर पुढे बराच वाद झाला आणि प्रत्येक जातीला ती सारखी लागू होत नाही. तरी सोबत ही स्वतःच एक ओढ आहे याबद्दल फारसा संशय उरलेला नाही.

लुइझियानातील एव्हरी बेटावर एडवर्ड मॅकइल्हेनी यांनी १८९० च्या दशकात नेमके हेच, सिद्धान्ताची भाषा न वापरता, करून दाखवले. पिसांच्या शिकारीमुळे बगळे दिसेनासे झाले तेव्हा त्यांनी लहान बगळ्याची आठ पिल्ले शोधून आणली, बांध घालून केलेल्या तळ्यावर पिंजरा बांधून त्यांत ती वाढवली आणि शरदात पिंजरा उघडला. पक्षी निघून गेले व वसंतात परतले, आणि त्यांच्याबरोबर इतरही आले. पुढे तळ्यात बांबूचे मंच उभारण्यात आले आणि काही वर्षांत त्या जागी हजारोंची वसाहत झाली. मॅकइल्हेनी यांनी पुरवल्या त्या गोष्टी दोनच होत्या, खाली पाणी आणि वर आधीच बसलेले कोणीतरी. झाडे खास कोणती होती याला फारसे महत्त्व ठरले नाही.

मिश्र सारंगागारात जातींचे थरही ठरतात. मोठे बगळे व पाणकावळे लवकर येऊन उंच फांद्या धरतात, लहान जाती खालच्या झुडपांत उतरतात. शरीराचा आकार आणि घरट्याची उंची यांत सामान्यतः मेळ असतो, आणि तो भांडणातूनच ठरतो. यामुळे एका बेटावर अनेक जाती मावतात. मात्र सोबतीची ही साक्ष दोन्ही दिशांनी चालते. शेजारी बसलेला हजारोंचा थवा जशी ‘येथे ठीक आहे’ ही बातमी देतो, तसाच तो उडाला की उलट बातमी देतो, आणि ज्या पक्ष्याने स्वतः शत्रू पाहिलेलाच नाही तोही उठतो.

संशयितांची तपासणी

अभयारण्याच्या अधिकाऱ्यांनी आणि जीवशास्त्रज्ञांनी २०१५ च्या उन्हाळ्यात शक्य ती कारणे तपासली. मागे राहिलेल्या मृत पक्ष्यांची रोग व विषारी द्रव्ये यांसाठी चाचणी झाली. तीत काही आढळले नाही. सापळ्यांत काही रॅकून मिळाले, पण बेटावर थोडेफार रॅकून मिळणे नेहमीचे होते आणि सापडलेली संख्या एवढे मोठे स्थलांतर घडवण्याइतकी वाटली नाही. रात्री पक्ष्यांवर झडप घालणाऱ्या मोठ्या शृंगी घुबडाचा संशय आला, तर त्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. अमली पदार्थांच्या तस्करीवर नजर ठेवणाऱ्या विमानांची व हेलिकॉप्टरांची रात्रीची उड्डाणे त्या भागात वाढली होती, ही शक्यताही मांडली गेली. कारण निश्चित झाले नाही.

या यादीवर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की ती एका गुन्हेगाराच्या शोधात आहे, आणि प्रत्येक संशयिताला ‘तू एकटा हे करू शकला असतास का’ असे विचारून सोडून देते. सोबतीच्या साक्षीने जमलेली वसाहत मोडायला एकट्याने सर्व घरटी गाठण्याची गरजच नसते. एका कोपऱ्यातील दोनशे पक्षी रात्री दोनदा उठले, उजाडल्यावर उघड्या अंड्यांवर कावळे उतरले आणि घरट्यांत परतलेल्यांना तेथे काही उरले नाही, एवढे पुरेसे होते. किनाऱ्यावर फिश क्रो हा कावळा सारंगागारांवर सतत टपलेला असतोच, आणि आईबाप क्षणभर उठले की तो अंडे उचलतो. अशा साखळीत ‘थोडेच रॅकून’ हे निर्दोषत्वाचे प्रमाण ठरत नाही.

दुसरा आक्षेप अन्नाच्या कारणाबद्दल आहे, जे अनेकांना सर्वप्रथम सुचते. बेटावरील जातींचा आहार एकमेकांपासून फार वेगळा होता: पेलिकन आणि पाणकावळे समुद्रातील मासे धरतात, लहान बगळे खाऱ्या दलदलीतील चिमुकले मासे, आणि शराटी पिल्लांसाठी गोड्या पाण्यातील जीव. या तिन्ही ताटांतील अन्न एकाच आठवड्यात संपावे असे कारण कल्पिणे कठीण आहे. शिवाय अन्न कमी पडल्याने मोडणारी वसाहत हळूहळू मोडते. आधी पिल्ले दुबळी होतात, एकेक जोडी सोडते, आणि एक जात सोडून गेली तरी दुसरी टिकून राहते. सर्व जाती एकदम उठल्या याचा अर्थ, जे बिघडले ते सर्वांच्या सामाईक असलेल्या एकमेव गोष्टीत बिघडले, आणि ती गोष्ट म्हणजे बेट. रोग वगळला, अन्न वगळले, तर उरतो तो बेटावर, बहुधा अंधारात, झालेला उपद्रव. तो चार पायांचा होता की आकाशातून आला, हे या तर्काने ठरत नाही. पण शोध कोठे घ्यावा ते ठरते.

येथे एक व्यावहारिक अडचणही आहे. ज्या बंदीने सारंगागार जपले त्याच बंदीमुळे त्यावर जवळून, रात्रंदिवस नजर ठेवणे दुर्मीळ झाले. फ्लोरिडात १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासातून बगळे-शराट्यांच्या वसाहतीपासून माणसाने साधारण १०० मीटर अंतर राखावे अशी शिफारस पुढे आली. सीहॉर्सभोवतीचा ३०० फुटांचा पट्टा तिच्या जवळपास जातो. हे अंतर होडीतल्या माणसासाठी आहे. कमी उंचीवरून रात्री जाणाऱ्या यंत्राला ते लागू होत नाही, आणि ओहोटीला उथळ झालेल्या पाण्यातून येणाऱ्या जनावराला तर नाहीच.

उठलेले पक्षी आणि उरलेले साप

निघालेल्या पक्ष्यांपैकी काहींनी जवळच्याच स्नेक बेटावर घरटी केली, बाकीचे पांगले. हे पांगणे पांढऱ्या शराट्याच्या स्वभावाशी जुळणारे आहे. फ्रेडरिक आणि जॉन ऑग्डेन यांनी १९९७ मध्ये शराटी व वुड स्टॉर्क यांची तुलना करून दाखवले होते की वुड स्टॉर्क आपल्या प्रदेशाला धरून राहतो, तर शराटी भटक्या आहे; एका वर्षी जेथे पाणी योग्य गतीने ओसरते आणि मासे-क्रेफिश उथळ डबक्यांत दाटतात तेथे तो दूरवरून येऊन उतरतो. २०१७ मधील मुबलक पावसानंतर आणि त्याच सप्टेंबरातील इर्मा चक्रीवादळानंतर, २०१८ च्या हंगामात एव्हरग्लेड्समध्ये एक लाखाहून अधिक घरटी झाली आणि त्यांत बहुसंख्य शराट्यांची होती. अशा पक्ष्याला ‘त्याचे’ बेट नसते. त्यामुळे सीहॉर्सला दरवर्षी तेच पक्षी परत येत होते असे धरून चालणे, आणि म्हणून त्यांच्या जाण्याला घर सोडण्याचा अर्थ देणे, निदान शराट्यांपुरते चुकीचे ठरेल. पेलिकनांबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. ते यशस्वी जागा वर्षानुवर्षे धरून राहतात.

सीडर कीच्या अभयारण्यात तेरा बेटे आहेत, आणि २०१५ मध्ये या संख्येचा उपयोग कळला. स्नेक बेट राखीव नसते, तेथे सुटीतल्या होड्या लागत असत्या, तर हंगामाच्या मध्यात उठलेल्या जोड्यांना जवळपास दुसरी सुरक्षित जागाच नव्हती. अनेकदा संरक्षणाचा सारा भर चालू वसाहतीवर असतो आणि शेजारची रिकामी बेटे ‘तेथे तर काही नाही’ म्हणून मोकळी सोडली जातात. वास्तविक मोठे सारंगागार ही एका बेटाची नव्हे, बेटांच्या गटाची वस्ती असते, ज्यातील एक बेट एका वेळी भरलेले असते.

बेट सोडून जाणे ज्यांना शक्य नव्हते ते साप मात्र मागे राहिले. वरून पडणारे मासे थांबले. त्यानंतरच्या काळात लिलीव्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीहॉर्सवरील कॉटनमाउथ सापांची शरीरस्थिती खालावल्याचे, आणि एका सापाने दुसऱ्याला खाल्ल्याचेही नोंदवले.